साध्या गाठी आणि न सरणारी धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर कुठेतरी गाठ लागली, डॉक्टरांना दाखवली, "साधी आहे, काही करायची गरज नाही" असं उत्तरही मिळालं, आणि तरी दिवसातून कितीतरी वेळा हात तिथेच जातो, अशांसाठी हे पान आहे. काहींचं हे काही महिन्यांचं असतं, काहींचं वर्षानुवर्षांचं. एक गाठ मनातून उतरते न उतरते तोच दुसरी सापडते. तुमची गाठ अजून कोणाला दाखवलीच नसेल, तर आधी दाखवून या. इथलं कोणतंही उत्तर तपासणीच्या जागी चालणार नाही.

अंगावरच्या गाठी बहुतेक वेळा कशाच्या असतात?

सगळ्यात नेहमीची म्हणजे चरबीची गाठ, लायपोमा. त्वचेच्या खाली, मऊ, बोटाने ढकलली की सरकणारी. खांदा, पाठ, दंड, मांडी, पोट अशा ठिकाणी ती येते. एखाद्याला एकच असते, एखाद्याला डझनभर. डझनभर असणाऱ्यांच्या नात्यात बऱ्याचदा आणखी कोणाला तरी असतात. ती वर्षानुवर्षं तेवढीच राहते किंवा अगदी सावकाश वाढते. काही चरबीच्या गाठी दुखतात, विशेषतः ज्यांच्यात बारीक रक्तवाहिन्या जास्त असतात त्या. म्हणून "दुखते म्हणजे काहीतरी भयंकर" हे समीकरण चुकीचं, आणि "दुखत नाही म्हणजेच कॅन्सर" हे त्याचं उलटं समीकरणही तितकंच चुकीचं. ही दोन्ही वाक्यं लोकांच्या तोंडी एकाच वेळी असतात, त्यामुळे गाठ दुखो वा न दुखो, घाबरायला कारण मिळतंच.

दुसरा प्रकार आवाळूचा, डॉक्टरी भाषेत एपिडर्मॉइड सिस्ट. ही त्वचेलाच चिकटलेली असते आणि बरेचदा मधोमध एक काळसर बारीक छिद्र दिसतं. आत केराटिन, म्हणजे त्वचेचाच टाकाऊ माल. पिळली की घाण वास येतो, सुजते, पिकते. तेव्हा पिळू नका. मनगटावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला येणारी टणक, गोल गाठ बहुधा गँग्लिऑन असते, सांध्यातल्या द्रवाची. ती बऱ्याचदा आपोआप विरते. पायावर, दंडावर डाळीच्या दाण्याएवढा कडक तपकिरी ठिपका असेल आणि दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर मधे खळी पडत असेल, तर तो डर्मॅटोफायब्रोमा असण्याची शक्यता मोठी. तरुण स्त्रियांच्या स्तनात सापडणारी गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ पुष्कळदा फायब्रोअॅडेनोमा असते, पण स्तनातल्या गाठीचं निदान घरी करायचं नाही. त्याबद्दल पुढे.

आणि मग लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड. धास्तावलेल्या माणसांची सगळ्यात जास्त झोप यांनीच उडवलेली असते. शरीरात या ग्रंथी सुमारे सहाशे असतात आणि मान, काख, जांघ इथल्या काही, सडपातळ माणसात तर सहज, हाताला लागतात. घसा, दात, डोक्याची त्वचा, पायाची जखम, कशाचाही संसर्ग झाला की जवळच्या ग्रंथी फुगतात. जुनी माणसं याला अवधाण येणं म्हणतात. संसर्ग गेल्यावरही ग्रंथी पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि काही ग्रंथी छऱ्यासारख्या बारीक, टणक अशा कायमच्याच लागत राहतात. साधारण एक सेंटिमीटरपर्यंतची, सरकणारी ग्रंथी बहुतेक ठिकाणी सामान्य समजतात. जांघेत त्याहून थोडी मोठीही चालते.

मला सापडलेली "गाठ" ही मुळात गाठच नसेल, असं होतं का?

होतं, आणि फार वेळा होतं. डॉक्टरांकडे घाबरून नेल्या जाणाऱ्या "गाठीं"पैकी काही तर जन्मापासून तिथेच असलेले अवयव असतात. तोवर त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं, एवढंच.

छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक घ्या. पोट सुरू होतं तिथे ते टोचेल असं पुढे येतं. वजन कमी झाल्यावर अनेकांना ते अचानक "उगवल्यासारखं" वाटतं. कानाच्या पाळीखाली, जबड्याचा कोपरा आणि कानामागचं हाड यांच्या मधे खोल दाबलं की कडक काहीतरी लागतं. तो मानेच्या पहिल्या मणक्याचा बाजूचा काटा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात, वयाबरोबर त्या थोड्या खाली उतरतात आणि गाठीसारख्या लागतात. गळ्याच्या वरच्या भागात कंठास्थी आहे, तिची टोकं दोन्ही बाजूंना हाताला येतात. डोक्याच्या मागे, मानेच्या वर हाडाचा उंचवटा असतो. काहींचा फारच ठळक. मानेच्या बाजूला ठोके देणारं काही लागलं तर ती रक्तवाहिनी, तिला दाबत बसू नका.

तोंडातही तेच. जिभेच्या अगदी मागे इंग्रजी व्हीच्या आकारात मोठे मोठे दाणे असतात. घसा बघायला म्हणून माणूस आरशासमोर जीभ बाहेर काढतो, आयुष्यात पहिल्यांदाच तिथवर पाहतो आणि पोटात गोळा येतो. टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा असणं हीसुद्धा शरीराची एक ठेवण आहे, रोग नव्हे. पुरुषांना वृषणाच्या मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखा गुंडाळलेला भाग लागतो, तो एपिडिडायमिस. स्तनाग्राभोवतीचे बारीक उंचवटे, ओठांच्या आतले पिवळसर ठिपके, हेही तसेच.

एक खूण उपयोगी पडते: दुसऱ्या बाजूलाही तसंच लागतंय का? लागत असेल तर बहुधा ती तुमची रचना आहे. पण ही खूण एकदाच वापरायची. दोन्ही बाजूंची रोज तुलना करणारी माणसं आहेत, आणि शरीराच्या दोन बाजू कोणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात.

मग कोणती गाठ दाखवायलाच हवी?

स्तनातली कोणतीही नवी गाठ, वृषणातली कोणतीही नवी गाठ, आणि गळपट्टीच्या हाडाच्या, म्हणजे कॉलरबोनच्या, वरच्या खळग्यात लागणारी गाठ. या तिन्ही वेळी वाट बघू नका, काही दिवसांत दाखवा. बाकी ठिकाणी: पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आत खोलवर असलेली, दगडासारखी कडक आणि जागची न हलणारी, आठवड्यागणिक वाढणारी, किंवा काढल्यानंतर परत आलेली. त्वचेवरची गाठ रंग बदलत असेल, तिच्यातून रक्त येत असेल, जखम भरत नसेल तर. मानेतली गाठ किंवा तोंडातला व्रण तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर, आणि सोबत आवाज बसला असेल किंवा गिळताना अडकत असेल तर नक्कीच. कारण नसताना वजन उतरणं, अंथरूण भिजेल असा रात्रीचा घाम, न उतरणारा ताप, यांच्यासोबतची कोणतीही गाठ.

ही यादी वाचून तुमच्या गाठीत यातलं काही "थोडंसं" आहे असं वाटू लागलं असेल, तर ते अपेक्षित आहे. यादी वाचणाऱ्या प्रत्येक धास्तावलेल्या माणसाला तसं वाटतं. म्हणून नियम असा ठेवा: तपासणी झाली त्या दिवशी गाठीत जे होतं त्याचा निकाल लागलेला आहे. नव्याने दाखवायचं ते वरच्यापैकी काही नवीन आणि ठळक घडलं तरच. "वाटतंय" हे कारण नव्हे.

गाठ वाढतेय की मलाच तसं वाटतंय, कसं ओळखायचं?

बोटांनी ओळखता येत नाही. बोट हे मोजण्याचं साधनच नाही: किती जोरात दाबलं, कोणत्या अवस्थेत होतात, त्वचा ताणलेली होती का, मन किती घाबरलेलं होतं, यावर "आज मोठी आहे" हे ठरतं. शिवाय सराव झालेलं बोट बारीक गोष्टी शोधण्यात तरबेज होतं. वर्षभर रोज मान चाचपणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणालाही न लागणाऱ्या ग्रंथी लागतात. त्या नव्या नसतात, बोट शिकलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे दाबण्याने गाठ खरोखर सुजते. तेच ठिकाण दिवसातून वीसदा चिमटीत धरलं की आजूबाजूचा भाग दुखरा होतो, कधी लालसर, कधी जरा फुगीर. मग "दुखायला लागली, वाढली" म्हणून आणखी दाबणं. डासाच्या चाव्यावर खाजवत बसलं की चट्टा वाढत जातो, तसाच हा प्रकार. आठवडाभर हात लावला नाही तर हा दुखरेपणा पुष्कळदा आपोआप ओसरतो.

सोनोग्राफीतही एकाच गाठीचं माप दोन वेळा एक-दोन मिलिमीटरने वेगळं येऊ शकतं. मागच्या वेळी नऊ होती, आता दहा, एवढ्यावरून वाढ म्हणत नाहीत.

सारखं दाबल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होतो का?

नाही. दुखेल, सुजेल, आवाळू असेल तर पिकेल. तेवढंच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, रिपोर्टही चांगला आहे, तरी विश्वास का बसत नाही?

या सगळ्या पानावरचा माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर थोडं उलटं वाटेल: विश्वास बसत नाही, कारण तुम्ही तो बसवण्याचा फार प्रयत्न करताय.

डॉक्टर "साधी आहे" म्हणतात तेव्हा छातीवरचं ओझं उतरतं. घरी येईपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटतं. मग एक फट सापडते. त्यांनी नीट दाबून पाहिलंच नाही. मी डाव्या बाजूची सांगायला विसरलो. सोनोग्राफी करणारा घाईत होता. रिपोर्टवर "बहुधा" असा शब्द आहे. मग परत चाचपणं, परत विचारणं, परत तात्पुरता दिलासा. पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी १९८६ साली हेच मांडलं: वारंवार धीर मागणं आणि तपासत राहणं ही चिंता शमवत नाही, तीच चिंतेला जिवंत ठेवते. दिलासा मिळाला की मेंदू एवढंच शिकतो की संकट होतं, आणि विचारल्यामुळे टळलं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर विचारायला लावतो.

मागणी काय आहे, तेही पाहा. तुम्हाला "धोका फार कमी आहे" हे ऐकायचं नसतं, ते तुम्हाला ठाऊकच असतं. तुम्हाला "शून्य आहे" हे ऐकायचं असतं. ते कोणताही प्रामाणिक डॉक्टर कोणत्याही गाठीबद्दल म्हणू शकत नाही, आणि गाठ नसलेल्या माणसाबद्दलही म्हणू शकत नाही. तुमच्या शेजारी निवांत बसलेल्या माणसाकडेही शंभर टक्के खात्री नसते. फरक इतकाच की ती नाही म्हणून त्याचं काही अडत नाही.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे का? की हे सगळं मनाचेच खेळ?

नाव आहे. पूर्वी हायपोकाँड्रिया म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या वर्गीकरणाने ते नाव काढून दोन निदानं केली: शरीराच्या तक्रारी फारशा नसताना आजाराची भीती असेल तर इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर, आणि त्रासदायक तक्रारी असून त्यांच्याभोवती मन अडकलं असेल तर सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर. पहिल्या निदानासाठी त्रास किमान सहा महिन्यांचा असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात जुनं नाव टिकलं आहे, पण ते मंत्रचळ, म्हणजे ओसीडीच्या गटात घातलं आहे. मला ही मांडणी जास्त पटते. हात पुन्हा पुन्हा धुणारा माणूस आणि मान पुन्हा पुन्हा चाचपणारा माणूस यांच्यात वाटतं तेवढं अंतर नाही.

"मनाचे खेळ" हा शब्द मात्र टाकून द्या. गाठ खरी असते, भीती खरी असते, धडधड, घाम, उडालेली झोप सगळं खरं असतं. खोटं असतं ते एकच: गाठीचा लावलेला अर्थ.

चाचपणं थांबवायचं कसं? ठरवलं तरी हात जातोच.

"आजपासून अजिबात नाही" असं ठरवू नका. बहुतेकांचं ते दुपारपर्यंतच टिकतं, आणि मग "माझ्याच्याने होत नाही" ही नवी खंत पदरात पडते.

आधी दोन-तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त नोंद ठेवा. प्रत्येक वेळी हात गेला की कागदावर एक रेघ. कुठे होतात, काय करत होतात. आकडा पाहून बहुतेक जण चक्रावतात, कारण निम्म्या वेळी हात गेलेला कळतच नाही. अंघोळ, अंथरुणात पडल्यावरची पहिली दहा मिनिटं, आरसा, फोनवर बोलताना मोकळा असलेला हात, या नेहमीच्या जागा निघतात. छुपं तपासणंही लिहा: कपड्यावरून हळूच स्पर्श, गिळताना गळ्यावर ठेवलेलं बोट, "फक्त मान चोळतोय" असा बहाणा, आरशात मान वळवून बघणं, जोडीदाराला "इथे हात लाव जरा" म्हणणं, दुसऱ्या कोणाची मान आपल्यासारखीच आहे का हे न्याहाळणं.

मग लांबवायला लागा. हात जावासा वाटला की "पंधरा मिनिटांनी" असं स्वतःला सांगायचं. नाही म्हणायचं नाही, नंतर म्हणायचं. या पंधरा मिनिटांत अस्वस्थता वाढेल. छातीत धडधडेल, आत्ताच पाहिलं नाही तर काहीतरी निसटेल असं वाटेल. मग, तुम्ही काहीही न करता, ती जरा उतरेल. हे अनुभवणं हाच उपचार आहे. आजवर ही लाट दर वेळी चाचपून मोडली, त्यामुळे ती आपणहून ओसरते हे मेंदूला कधी कळलंच नाही. पंधराची तीस मिनिटं करा, मग दुपारपर्यंत, मग उद्यापर्यंत. पुढे डॉक्टरांशी बोलून एक अंतर ठरवा: महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, एकदाच, किंवा त्यांनी गरज नाही म्हटलं तर कधीच नाही. अंघोळीत साबण तळहाताने लावा, बोटांच्या टोकांनी नको. झोपताना हात पांघरुणाबाहेर ठेवणं काहींना उपयोगी पडतं.

विचार मात्र दाबू नका. "गाठीचा विचार करायचा नाही" म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. विचार येऊ दे. त्याला उत्तर द्यायचं नाही, एवढंच पथ्य. "असेल, नसेल, मला माहीत नाही, आणि मी आत्ता तपासणार नाही" हे वाक्य "काही नाही, काही नाही" या जपापेक्षा जास्त कामाचं, कारण जप हा स्वतःलाच धीर देण्याचा प्रकार आहे आणि त्याची नशा लवकर उतरते.

आणखी एक गोष्ट करून पाहा. भीती टोकाला असेल तेव्हा तारीख घालून लिहा: मला वाटतं या गाठीचं अमुक होईल, अमुक महिन्यांत. वही मिटून ठेवा. ती मुदत उलटल्यावर वाचा. "मन चिंती ते वैरी न चिंती" हे आपण ऐकलेलं असतं. स्वतःच्या अक्षरात, तारखेसकट वाचलं की ते वेगळं लागतं.

एखाद्या दिवशी पुन्हा तासभर आरशासमोर जाईल. जाऊ दे. दुसऱ्या दिवशी आदल्या ठिकाणापासून पुढे, पहिल्यापासून नव्हे.

मी तर उलट करतो. गाठीला हातच लावत नाही, तो शब्दही ऐकवत नाही.

तोही याच त्रासाचा भाग. काही जण त्या बाजूला साबण लावत नाहीत, तपासणीची वेळ पुढे ढकलतात, कोणाच्या आजाराची बातमी निघाली की खोलीतून उठून जातात. टाळण्यानेही मेंदू तेच शिकतो: जवळ जायच्या लायकीचं नाही, इतकं हे भयंकर आहे. तुमचा अभ्यास उलटा. सहज हात लागला तर लागू द्यायचा, बातमी पूर्ण ऐकायची, ठरलेली तपासणी ठरल्या दिवशीच करायची.

इंटरनेटवर शोधायचं नाही का?

गाठीबद्दल नाही. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ साली लोक आरोग्याबद्दल काय शोधतात याचा अभ्यास केला. साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध गंभीर, दुर्मीळ आजारांकडे सरकत जातो, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे: साध्या गाठीवर लिहायला फारसं काही नसतं, दुर्मीळ कॅन्सरवर पानंच्या पानं असतात. शोधणाऱ्याला पानांची संख्या म्हणजेच शक्यता वाटते. फोटो तर पाहूच नका; मऊ, सरकणारी गाठ फोटोत मऊ किंवा सरकणारी दिसत नाही.

हेही पान तसंच. दुसऱ्यांदा वाचायला आला असाल तर, खरं सांगायचं तर, आता उठा.

गळ्यात गाठ अडकल्यासारखं वाटतं, पण हाताला काहीच लागत नाही.

जेवताना त्रास नाही, फक्त थुंकी गिळताना जाणवतं, ताण वाढला की जास्त, असं असेल तर बहुधा तो ग्लोबस: गळ्याच्या स्नायूंचा ताण, कधी पित्ताची भर. सारखं गिळून पाहिल्याने वाढतो. एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल किंवा वजन उतरत असेल तर लवकर.

रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरायला होतं. त्यांचा अर्थ काय?

रिपोर्ट डॉक्टर डॉक्टरसाठी लिहितात, रुग्णाच्या समाधानासाठी नाही, हे आधी लक्षात घ्या. "बिनाइन" म्हणजे साधी, कॅन्सर नसलेली. "रिअॅक्टिव्ह नोड" म्हणजे संसर्गाला प्रतिसाद म्हणून फुगलेली ग्रंथी. "फॅटी हायलम प्रिझर्व्हड" ही चांगली बातमी आहे: ग्रंथीची आतली रचना शाबूत आहे. "सजेस्टेड क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे चित्रं पाहणाऱ्याने गाठ स्वतः तपासलेली नाही, तपासलेल्या डॉक्टरांनी दोन्हींचा मेळ घालावा. कित्येक रिपोर्टांच्या तळाशी हे सवयीने लिहिलेलं असतं. "लाइकली", "प्रॉबेबली" हे शब्द चित्रावरून बोलण्याची रीत आहे. स्तनाच्या रिपोर्टमधला बायरॅड्स हा आकडा मात्र ठोस अर्थाचा असतो: २ म्हणजे नक्की साधी, ३ म्हणजे बहुधा साधी, जिथे कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नसते आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. त्या पुन्हा पाहण्याला मात्र जायचंच, तो धास्तीचा भाग नाही.

मनाच्या शांतीसाठी आणखी एक सोनोग्राफी केली तर काय बिघडलं?

पहिल्यांदा काही नाही. अडचण अशी की ती शेवटची नसते. शिवाय निरोगी शरीरातही शोधत गेलं की काही ना काही सापडतं: थायरॉइडमधली बारीक गाठ, यकृतातला द्रवाचा फुगा, मूत्रपिंडातला ठिपका. त्यातलं बहुतेक निरुपद्रवी, पण आता तुमच्याकडे काळजीसाठी नवा अवयव आहे.

एकच डॉक्टर धरा. तिसरं, चौथं मत घेणाऱ्याला चार वेगवेगळी वाक्यं मिळतात, आणि त्या वाक्यांतला फरक हाच नवा पुरावा होऊन बसतो.

गाठ काढूनच टाकली तर कटकट मिटेल?

गाठ दुखत असेल, कपड्याला घासत असेल, वारंवार पिकत असेल, दिसायला नको वाटत असेल, तर जरूर काढा. चरबीची छोटी गाठ जागा बधिर करून काढतात, एक वण राहतो. पण निव्वळ भीतीपोटी काढायची असेल तर थोडं थांबा. पहिले काही दिवस खरंच हलकं वाटतं. मग टाक्यांखाली एक कडक भाग लागतो, म्हणजे भरून येणारा व्रण, आणि "परत आली" अशी धास्ती सुरू होते. किंवा लक्ष काखेकडे वळतं. लसिका ग्रंथी तर साध्या असताना निव्वळ समाधानासाठी काढण्यात अर्थच नाही. मानेत आणि काखेत महत्त्वाच्या नसा अगदी जवळून जातात.

स्तनांची स्वतः तपासणी करा असं सगळीकडे सांगतात. मग हात लावू नका कसं?

शांघायमध्ये २,६६,००० हून अधिक स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. निम्म्या स्त्रियांना पद्धतशीर स्वतपासणी शिकवली, निम्म्यांना नाही. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठी मात्र जास्त सापडल्या आणि बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, वाढल्या. त्यानंतर कित्येक ठिकाणी ठरावीक पद्धतीने दाबून पाहण्याऐवजी आपले स्तन नेहमी कसे दिसतात, कसे लागतात याची जाण ठेवा, बदल जाणवला तर दाखवा, एवढाच सल्ला देतात. वयानुसार सांगितलेली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, वेगळी, ती चुकवू नका. रोज रात्री अर्धा तास चाचपणं ही मात्र दक्षता नव्हे.

घरच्यांनी काय करावं?

"काही नाही गं, वेडी आहेस का" आणि "दाखव बघू पुन्हा", या दोन्हींनी नुकसान होतं. पहिल्याने माणूस एकटा पडतो, दुसऱ्याने तपासणीचं चक्र फिरत राहतं. शांत वेळी, दोघांनी बसून ठरवा की गाठीबद्दल विचारलं तर काय उत्तर द्यायचं. उदाहरणार्थ: "तुला भीती वाटतेय ते दिसतंय मला. पण गाठीबद्दल उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. चल, जरा बाहेर पडू." सुरुवातीला यावरून चिडचिड होईल, "तुला माझी काळजीच नाही" असंही ऐकावं लागेल. ठरलेलं वाक्य तेच ठेवा, आवाज मऊ ठेवा. आणि गाठीशिवायच्या गोष्टींवर भरपूर बोला. असा माणूस असलेल्या घरात बाकीचे विषय हळूहळू संपत आलेले असतात.

उपचार कोणते आहेत? खरंच बरं होतं का?

कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सीबीटी, हा सगळ्यात जास्त तपासला गेलेला उपचार. वर चाचपण्याबद्दल जे लिहिलं आहे ते तिचाच घरगुती भाग. थेरपिस्टबरोबर ते जास्त नीट होतं. ब्रिटनमध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या आजारांच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या, आरोग्याची तीव्र चिंता असलेल्या ४४४ जणांवर चाचणी केली. २०१४ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. थेरपी मिळालेल्यांची चिंता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली, आणि पाच वर्षांनंतर पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. थेरपी देणारे सगळे मोठे तज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकाही त्यात होत्या. म्हणजे योग्य पद्धत माहीत असलेला माणूस मिळणं महत्त्वाचं, त्याच्या नावापुढची पदव्यांची रांग नव्हे.

औषधांत चिंता आणि नैराश्यावर दिली जाणारी एसएसआरआय गटातली, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी, उपयोगी पडतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी माहीत नसलं की लोक आठवड्यातच सोडून देतात. मनाने बंद करू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच शांत करतात, पण सवय लागते, आणि लगेच मिळणारा दिलासा हाच तर मूळ दुखण्याचा भाग आहे.

बरं होणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पुन्हा कधीच धास्ती वाटणार नाही, असं नाही. एखादी बातमी, ओळखीतल्या कोणाचा आजार, अपुरी झोप, आणि हात पुन्हा मानेवर जातो. फरक असा की पूर्वी त्यात तीन महिने जायचे, आता एक संध्याकाळ जाते.

जगणंच नको, यापेक्षा मेलेलं बरं, असे विचार येत असतील तर मात्र थेरपीच्या तारखेची वाट पाहू नका. आजच कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. रात्र असेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

आणि खरंच काही निघालं तर? मी दुर्लक्ष केल्यासारखं होईल ना?

हा प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांच्या तळाशी असतो. काळजी करत राहणं म्हणजे पहारा देणं, असं मनाने धरलेलं असतं. पहारा सोडला की त्याच क्षणी शत्रू येणार. पण पहाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. इतक्या वर्षांच्या चाचपण्यातून काय हाती लागलं? गंभीर काही सापडतं ते नव्या, ठळक बदलातून, तो दाखवण्यातून, वयानुसारच्या तपासण्यांतून. ते सगळं तुम्ही करणारच आहात. पुढे कधी काही निघालंच, तर मधल्या वर्षांतली धास्ती त्या दिवशी एका पैच्याही उपयोगाची नसेल. त्या दिवशी लागेल तो धड झोपलेला माणूस.

नवीन गाठ सापडली तर?

दोन आठवडे थांबा, वर दिलेल्या यादीतलं काही नसेल तर. त्या दोन आठवड्यांत हात नाही, शोध नाही. नंतर असेल तर दाखवा. एकदा.

डॉक्टरांना हे सगळं सांगायला लाज वाटते. काय म्हणू?

फक्त गाठ दाखवलीत तर ते फक्त गाठ तपासतील. दोन मिनिटांत तुम्ही बाहेर याल आणि "नीट पाहिलंच नाही" हे पुन्हा सुरू होईल. म्हणून आत गेल्यावर पहिल्यांदा हे सांगा: "डॉक्टर, मला गाठींची फार भीती वाटते. दिवसातून कितीतरी वेळा तपासतो. आज एकदा नीट पाहा, काय आहे ते सांगा, आणि पुन्हा कधी व काय झालं तर यायचं ते लिहून द्या. त्याआधी आलो तर मला आठवण करून द्या. आणि या भीतीसाठी कोणाकडे जाऊ, तेही सांगा." ऐनवेळी जीभ अडखळत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि वाचून दाखवा. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फाइलमध्ये ठेवा, उशीखाली नको; तो दिवसातून दहा वेळा वाचणं हेही चाचपणंच.